तळचा गोड चमचा

ते साल एकोणीसशे ब्याऐंशी. सालाबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये. त्या वर्षी मुंगीचे पुढचे दोन दात पडले होते, दादाने निळी स्कूटर विकून जुनी गाडी घेतली होती आणि माझ्याकडे बघून 'आता हिचं कसं होणार' असं लोक माझ्या तोंडावर म्हणायला लागले होते. माझं काही झालं नाही, ते सोडा. मी दादा-वहिनीकडे राहत होते, औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर बसत होते, आणि खरं सांगायचं तर फार सुखात होते. ते घर आठवलं की मला अजून स्वयंपाकघरातल्या हिरव्या पडद्यातून येणारा उजेड आठवतो. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे जरा आजारी दिसायचे आणि वहिनी म्हणायची, "पडदा बदलू या." तो कधीच बदलला नाही.

मुंगी म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. खरं नाव मोठं आणि भारदस्त होतं, पण साखरेचा डबा कुठल्याही फळीवर लपवा, ती बरोबर शोधून काढायची. म्हणून मुंगी. तिला चौथ्या वर्षापासून झटके यायचे. खेळता खेळता हातातली वस्तू खाली पडायची, डोळे वर जायचे आणि ते एवढंसं शरीर ताठ होऊन थरथरायला लागायचं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं होतं. ते लागू पडत होतं, पण असलं कडू, की एकदा जिभेला लागलं तर नंतर पाणीसुद्धा कडू लागावं. रोज सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे युद्ध असायचं. दादा पाय धरायचा, मी हात धरायचे, वहिनी नाक दाबून चमचा तोंडात घालायची. मुंगी चावायची. वहिनीच्या अंगठ्याखाली तो व्रण शेवटपर्यंत होता. एवढं करून अर्धं औषध खाली सांडायचं.

"या घरात फरशीला कधी झटका यायचा नाही," वहिनी पुसता पुसता म्हणायची, आणि आम्ही हसायचो. काय करणार दुसरं?

दादा आमच्या प्रयोगशाळेचा मुख्य होता. एका रविवारी तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि वहिनीला म्हणाला, "तुझ्या बांगड्या काढ."

"का हो? विकायला काढल्या की काय?"

"काढ तर."

बांगड्या त्याने टेबलावर मांडल्या आणि आम्हाला समजावायला लागला. मक्याचं स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांच्या लांबच लांब माळा. त्यात एका जिवाणूपासून काढलेलं एन्झाइम घातलं, की ते माळेतले सहा-सात मणी तोडून घेतं आणि टोकाला टोक जुळवून त्यांची कडी करतं. कडी बाहेरून पाण्याला धरून राहणारी, पण तिची आतली पोकळी तेलकट. कडू औषधाचा रेणू पाण्यात नीट रमत नाही. तो त्या पोकळीत शिरून बसतो. जिभेला लागते ती फक्त कडीची साखर. त्याने एका बांगडीत शेंगदाणा ठेवला. "हे औषध. लपलं की नाही?"

"दिसतंय की," मुंगी म्हणाली आणि शेंगदाणा खाऊन मोकळी झाली.

"बांगडी म्हणण्यापेक्षा बादली म्हणा," दादा म्हणाला. "एक तोंड मोठं, एक लहान. बूड नसलेली बादली."

"अहो, बूड नसलेल्या बादलीत शहाणा माणूस काही ठेवतो का?"

"शहाणा नाही ठेवत. रसायनवाला ठेवतो."

त्यानंतर त्याने जवळजवळ वर्षभर तेवढं एकच काम केलं. कारखान्याच्या मालकांना त्यात धंदा दिसत होता, दादाला पोरगी दिसत होती. शेवटी एका सकाळी तो पाण्यासारख्या स्वच्छ औषधाची बाटली घेऊन घरी आला. नेहमीप्रमाणे मी हात धरले, त्याने पाय धरले. वहिनीने चमचा पुढे केला. मुंगीने डोळे घट्ट मिटले, गिळलं, एक डोळा उघडला आणि म्हणाली, "अजून."

वहिनी ओट्याकडे तोंड करून रडली. दादा नुसता उभा होता. त्याला टाळी द्यावी की मिठी मारावी हे मला कळेना, म्हणून मी त्याचा चष्मा पुसून दिला.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी बोटावर थेंब घेऊन चाखला. त्यांच्या कपाळावर आठी आली. "छान झालंय. पण एक सांगते. कडूपणा हा पहारेकरी असतो. तुम्ही त्याला सुट्टी दिलीत. आता बाटली कुलपात ठेवा."

वहिनीने कुलपात नाही, फ्रिजमध्ये ठेवली, सगळ्यात वरच्या कप्प्यात. गार असलं की मुंगीला आणखी आवडायचं.

आता कारखान्यातली पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आलं. दादाचा एक नियम होता आणि तो भिंतीवर लिहायची गरज नव्हती, इतका तो आमच्या अंगात मुरला होता: आधी गाळा, मग मोजा. कुठलीही बाटली तपासायला आली की तिचा नमुना आधी एका अगदी बारीक पांढऱ्या चकतीतून गाळायचा. धूळ, कापसाचा तंतू, काचेची कणी, सगळं चकतीवर राहायचं आणि मोजणाऱ्या यंत्रात फक्त निर्मळ पाणी जायचं. यंत्र महागाचं होतं आणि दादा त्याला जिवापाड जपायचा. गाळायचं आणि मोजायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना आम्ही गाळणकाका म्हणायचो. निवृत्तीला आलेले, अंगाने बारीक, आणि चहासुद्धा दोनदा गाळून पिणारे. माझ्याकडे बुरशी बघायला जो थेंब यायचा तोही त्यांच्या हाताखालून गाळूनच. त्यामुळे माझ्या काचेवर नेहमी काहीच नसायचं. स्वच्छ. मला त्याचा अभिमान वाटायचा.

गोड औषधाच्या बाटल्या आम्ही गार खोलीत साठवून ठेवल्या होत्या आणि थोड्या थोड्या दिवसांनी त्यातली एक मोजत होतो. काही महिन्यांनी गाळणकाका दादाच्या दारात उभे राहिले.

"साहेब, औषध कमी भरतंय."

"किती?"

"मागच्या वेळेपेक्षा बरंच. आणि मागच्या वेळी त्याच्या आधीपेक्षा कमी होतं."

"पाण्यात राहून मोडत असणार," दादा म्हणाला. पाण्यात ठेवलेली औषधं मोडतात, हे खरंच आहे. त्यावर सगळे करतात तोच उपाय त्याने केला. भरतानाच जास्त घातलं, म्हणजे मोडून मोडून जे उरेल ते लेबलाइतकं भरेल. किती जास्त, ते त्याला आणि काकांना ठाऊक होतं. लेबल तेच राहिलं. आणि त्या लेबलावर 'वापरण्यापूर्वी हलवा' अशी ओळ नव्हती. मालकांनी ती घालायला सुचवली तेव्हा दादा चिडला होता. "हलवा म्हणजे काय? माझं औषध विरघळलेलं नाही असं मी छापून देऊ?"

घरी मुंगीचं काहीतरी बिनसत होतं. नवी बाटली उघडली की पहिले काही दिवस तिला झटका यायचा. बाटली संपत आली की ती पेंगायची, चालताना दाराच्या चौकटीला आपटायची, बोलताना जीभ जड व्हायची. मग पुन्हा नवी बाटली. हे आज मी एका ओळीत लिहिते आहे, पण तेव्हा ते असं ओळीत दिसत नव्हतं. तेव्हा दिसायचं ते एवढंच, की आज बरी आहे, आज बरी नाही. डॉक्टरीणबाईंनी झटके ऐकून चमचा वाढवला. मग दीड चमच्याचे दोन चमचे झाले.

"दारू प्यायल्यासारखी चालतेस गं," वहिनी एकदा वैतागून म्हणाली. मुंगीला ते इतकं आवडलं की ती मुद्दाम तशी चालून दाखवायला लागली. मग आमच्या लक्षात आलं की ती मुद्दाम चालत नाहीये. आम्ही हसायचं थांबलो आणि ती मात्र हसतच होती. तिचे डोळे बघितले तर बुबुळं बारीक बारीक हलत होती, घड्याळाच्या लंबकासारखी, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे.

"दादा, तिच्या डोळ्यांकडे बघ."

"थकलीय. उद्या डॉक्टरीणबाईंना विचारू."

त्या संध्याकाळी औषधाच्या वेळी मुंगी माझ्या मांडीवर येऊन बसली. तिला स्वतःचा तोल सांभाळवत नव्हता, ती पूर्ण रेलली होती. वहिनी फ्रिजमधून बाटली काढत होती.

"आत्या, तळचं मला ठेवायला सांग हं आईला. मागच्या वेळी तिने बाटली धुऊन टाकली."

"तळचं काय?"

"तळाशी जास्त गोड असतं. कुरकुरीत."

मी तिच्याकडे बघितलं. विरघळलेल्या औषधाला तळ नसतो. वरचा थेंब आणि खालचा थेंब सारखा, हीच तर दादाची सगळी फुशारकी. मी वहिनीच्या हातून बाटली घेतली. शेवटचे चार-पाच चमचे उरले असतील. पाण्यासारखं स्वच्छ. मी बाटली तिरकी केली, चमच्याची दांडी आत घालून बुडाशी लागलेलं खरवडलं आणि चाखलं. गोड. दाताखाली वाळूसारखं काहीतरी चरचरलं आणि विरलं.

"आजचा चमचा देऊ नकोस," मी म्हणाले.

"आणि झटका आला तर? तू येणार आहेस धरायला?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "एक चुकला की काय होतं ते मी बघितलंय. तू तेव्हा ऑफिसात असतेस."

ती चुकीचं बोलत नव्हती. मी दादाकडे पाहिलं. तो म्हणाला, "साखर बसली असेल तळाला. गारठ्याने बसते. दे तू चमचा." वहिनीने दिला. मी तळाचे काही थेंब एका छोट्या कुपीत घेतले. तेवढं कुणी अडवलं नाही.

सकाळी मी कारखान्यात सगळ्यांच्या आधी गेले. थेंब काचेवर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा, न गाळता.

साध्या उजेडात नुसता धुरकटपणा होता. मग मी सूक्ष्मदर्शकाला खाली-वर त्या दोन काचा बसवल्या, ज्यांच्यामधून पाणी काळंभोर दिसतं आणि आतून शिस्तीत रचलेलं जे असेल तेवढंच उजळतं. काळं मैदान भरून गेलं होतं. पातळ चौकोनी पत्रे, एकावर एक सरकवलेले. काड्यांच्या जुड्या. आणि गोल दाणे, असंख्य, प्रत्येकाच्या पोटात काळी फुली असलेले. मी आधी औषध न घातलेल्या मोकळ्या कड्यांच्या पुडीतले स्फटिक बघितले होते, ते असे नसतात. या कड्यांच्या पोटात पाहुणा होता आणि पाहुण्यामुळे त्यांची रचनाच बदलली होती. कडीवर कडी चढून नळी झाली होती, नळीला नळी लागून पत्रा झाला होता, पत्रे गुंडाळून दाणा झाला होता. हे कुणी बांधलं नव्हतं. कुणी ढवळलंही नव्हतं. गारठ्यात, अंधारात, नुसतं ठेवून दिलं होतं आणि त्यांचे ते एकमेकांना शोधत जमत गेले होते.

इतकं सुंदर मी त्या काचेखाली ना आधी काही पाहिलं ना नंतर. आणि बघता बघता, थेंब कडेने सुकत होता तिथे, रिकाम्या काळ्या जागेत एक उजळ ठिपका उगवला. मग शेजारी दुसरा. मी हात लावला नव्हता. मी खुर्ची मागे सरकवली, जणू ते काचेवरून खाली उतरणार होते.

दादा आला तेव्हा मी त्याला ओढतच नेलं. त्याने बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"देखणं आहे," तो म्हणाला.

"दादा, यात औषध आहे."

"साखर आहे. औषध आहे कशावरून?"

"मग हरवलेलं औषध गेलं कुठे?"

"मोडलं. सांगितलं ना."

"मोडल्याचे तुकडे कुणी पाहिले? काकांच्या यंत्रात दिसले?"

तो एकदम मोठा भाऊ झाला. "धाकटे, तू काचा बघ. मोजायचं आम्हाला येतं." आणि निघून गेला. मालक त्याची वाट बघत होते. औषधाच्या पहिल्या पेट्या मुलांच्या एका वॉर्डात गेल्या होत्या आणि आणखी जायच्या होत्या.

मी गाळणकाकांकडे गेले. ते नेमके जुन्या बाटलीचा नमुना गाळून बसले होते.

"काका, गाळून झाल्यावर त्या चकतीचं काय करता?"

"टाकतो. काय करणार, लोणचं घालू?"

"आज टाकू नका. कोमट स्पिरिटने धुऊ आणि ते धुवण मोजू."

"अगं पोरी, घाण मोजायची?" त्यांना खरंच अपमान वाटला. चकतीवरचं ते घाण आणि खाली उतरलेलं ते औषध, अशी त्यांच्या सगळ्या नोकरीची फाळणी होती. पण माझा चेहरा बघून त्यांनी चिमट्याने चकती उचलली. ओली असताना ती कोरी दिसत होती. खिडकीशी नेली तेव्हा तिच्यावर साय धरल्यासारखा पातळ थर चमकला. काकांनी स्पिरिट तापवायला ठेवलं.

यंत्र तापायच्या आतच खालून हाक आली, घरचा फोन होता. वहिनी होती. मुंगी उठत नव्हती.

सकाळच्या औषधाला बाटलीत थोडंच उरलं होतं. मुंगीला आवडतं म्हणून वहिनीने बाटली चमच्यावर उलटी धरून ठेवली होती, शेवटचा थेंब उतरेपर्यंत, मग थोडं पाणी घालून, विसळून तेही दिलं होतं. काही वाया जाऊ नये म्हणून. असं जगातली कुठलीही आई करते.

आम्ही इस्पितळात पोचलो तेव्हा मुंगीला पलंगावर ठेवलं होतं. श्वास संथ होता, फार संथ. मधूनच एक हात बारीक झटकला जायचा. वहिनी पायाशी उभी होती आणि तिच्या हातात ती रिकामी बाटली आणि फ्रिजमधली नवी बाटली, दोन्ही होत्या. का आणल्या हे तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त घेऊन पाठवलं होतं, पण उत्तर यायला संध्याकाळ होणार होती.

"हात बघा," त्या म्हणाल्या. "झटके आतून चालूच आहेत. म्हणून शुद्ध येत नाही. थांबायला वेळ नाही, हेच औषध शिरेतून देते, मोठ्या मात्रेत."

नर्सने सुई भरायला घेतली.

"देऊ नका," मी म्हणाले. "तिच्या अंगात आधीच जास्त झालंय."

"किती दिलंत?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"तुम्ही सांगितलेले दोन चमचे. एक थेंब जास्त नाही," वहिनी म्हणाली.

"मग जास्त कसं होईल?" डॉक्टरीणबाईंनी नवी बाटली तिच्या हातातून घेऊन उजेडाकडे धरली. "हे तर पाण्यासारखं आहे. वर-खाली काहीच नाही."

मी दादाकडे बघत होते. दादा बाटलीकडे बघत होता. त्या खोलीत एकच माणूस होता ज्याला दोन्ही गोष्टी माहीत होत्या: भरताना किती जास्त घातलं, आणि आपल्या बहिणीने सकाळी काय दाखवलं. नर्सने मुंगीचा दंड वर केला, कापूस फिरवला.

डॉक्टरीणबाईंच्या खिशात घसा बघायची बॅटरी होती. मी ती विचारल्याशिवाय काढून घेतली. खिडकीचा पडदा ओढला. टेबलावर पाण्याचा पेला होता, त्याच्या कडेला बॅटरी लावली. उजेड पलीकडे गेला, पाण्यात काहीच दिसलं नाही. मग बाटलीला लावली.

बाटलीत निळसर दांडा उमटला, ह्या काचेपासून त्या काचेपर्यंत. धुळीच्या खोलीत उन्हाची तिरीप दिसते तसा, फक्त स्थिर. पूर्ण विरघळलेल्या औषधात उजेडाची वाट दिसत नाही. दिसते ती अडवणारं काही असेल तेव्हाच, आणि डोळ्याला वेगळं दिसू नये इतकं बारीक असेल तरीही. ही नवी, न उघडलेली बाटली होती. हिच्यातही ते जमायला लागले होते.

"सुई ठेवा," दादा म्हणाला.

त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "लेबलावर आहे त्याच्या दीडपट आहे बाटलीत. मी घातलंय. गेल्या तीन खेपांपासून. मोडतंय असं समजून. ते मोडत नव्हतं. तळाला बसत होतं. सगळं तळाला बसत होतं." मग तो वहिनीकडे वळला. "तू आज तळ दिलास."

वहिनीने हातातली रिकामी बाटली बघितली. ती ओरडली नाही. तिने बाटली अगदी अलगद, कुणी झोपलेलं असावं तशी, टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी सुई स्वतः कचऱ्यात टाकली. दादाला त्या एवढंच म्हणाल्या, "लेबलावर खोटं छापून मला मात्रा ठरवायला लावलीत." मग त्याच्याकडे पाठ करून कामाला लागल्या. संध्याकाळी रक्ताचं उत्तर आलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ती सुई टोचली असती तर संध्याकाळची गरजच पडली नसती.

दादा मात्र तिथे थांबला नव्हता. "त्या वॉर्डात पेट्या आहेत," असं म्हणून तो निघाला, मालकांना न विचारता. मी त्याच्याबरोबर गेले. मुलांचा वॉर्ड होता, भिंतीवर रंगीत मासे काढलेले. फ्रिजमध्ये आमच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, गार, स्वच्छ, आणि दोन जवळजवळ संपलेल्या. दादाने सगळ्या पिशवीत भरल्या. पलंगांवर मुलं होती, एक रिकामा होता, चादर नुकतीच बदललेली.

"इथलं मूल कुठे गेलं?" दादाने विचारलं.

"घरी नेलं," सिस्टर म्हणाल्या.

"बरं होऊन?"

"मी सकाळी नव्हते. घरी नेलं एवढं माहीत आहे."

दादाने तेच पुन्हा विचारलं, आणि पुन्हा. सिस्टर चिडल्या. परत येताना गाडीत बाटल्या एकमेकींवर किणकिणत होत्या. दादाने गाडी बाजूला घेतली आणि मला म्हणाला, "त्यांना आवाज करू नको म्हणावं." मी पिशवी मांडीवर घेऊन घट्ट धरली.

मुंगी शुद्धीवर आली. डोळे उघडल्यावर तिने पाणी मागितलं आणि ते गोड नाही म्हणून तोंड वाकडं केलं. सगळे हसलो. पण उठून उभी राहिली तेव्हा तिचे पाय तिचे राहिले नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोल सांभाळणारा मेंदूचा भाग इतके महिने त्या औषधात भिजत होता, काही परत येईल, काही येणार नाही. काही परत आलं.

त्यानंतरचं सांगते.

मालकांनी औषध गुपचूप मागे घेतलं आणि कारखान्यात टूथपेस्ट करायला लागले. त्यावर ते पुष्कळ कमावून, पुष्कळ म्हातारे होऊन गेले. दादाला त्यांनी काढलं नाही. तो स्वतःच राजीनामा देऊन आला. गाळणकाकांनी त्या दिवशी मोजणी पुरी केली होती. हरवलेलं सगळं औषध चकतीवर सापडलं होतं. "म्हणजे इतके महिने मी घाण मोजत होतो आणि औषध टाकत होतो," ते मला म्हणाले. निवृत्तीनंतर एकदा त्यांच्या घरी गेले होते. चहा दिला, न गाळता, पेल्यात पत्ती तरंगत होती. मी मुकाट्याने प्यायले. डॉक्टरीणबाईंनी मुंगीला जुन्या कडू औषधावर आणून तिचे झटके थांबवले. त्या गेल्या तेव्हा शोकसभेत मुंगी सगळ्यांत पुढे बसली होती.

वहिनी त्या दिवसाबद्दल कधी बोलली नाही. फक्त कुठलीही बाटली, तेलाची, शाम्पूची, संपत आली की ती पुरी रिकामी होण्याआधीच टाकून द्यायची. लोकांना ती उधळी वाटायची. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या न्हाणीघरात तळाशी थोडं थोडं उरलेल्या बाटल्यांची रांग सापडली. त्या टाकायचंही तिला जमलं नव्हतं.

दादाने पुढे एका शाळेत विज्ञान शिकवलं. चांगला शिक्षक होता म्हणतात. पण शेवटच्या आजारपणात, माणसं ओळखेनासा झाला तेव्हा, तो येणाऱ्या प्रत्येक नर्सला एकच विचारायचा: "ते मूल बरं होऊन गेलं ना?" मी हो म्हणायचे. मला माहीत नव्हतं. आजही नाही.

वॉर्डातून आणलेल्या बाटल्यांतली एक माझ्याकडे आहे, कपाटात मागे. तिच्या बुडाशी आता बोटभर पांढरा थर आहे आणि तो कुणी ढवळत नाही.

मुंगी पन्नाशीच्या पुढे गेली आहे. ती काठी घेऊन चालते, भिंतीचा आधार घेते, आणि अनोळखी लोकांना ती प्यायलेली वाटते. "वाटू दे, फुकटात होतंय," ती म्हणते. शनिवारी माझ्याकडे येते. चहात साखर घेत नाही. माझी रात्रीची गोळी ती काढून देते, पण देण्याआधी स्वतःच्या जिभेला टेकवून बघते. मी किती ओरडले तरी ऐकत नाही. कडू लागली की तोंड वाकडं करून हसते आणि म्हणते, "हं, घे आता, आत्या."